अम्मीचा चेहरा हिरवा का दिसतो? फोटोतला रंग ताळ्यावर आणण्याची सोपी रीत

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्याकडे हसनाबादला भाचीचा निकाह झाला. घरासमोर मंडप टाकला होता. वर हिरवं कापड, बाजूला पिवळ्या कनाती, आणि एका बाजूने आत येणारं दुपारचं कडक ऊन. अम्मी पांढरी ओढणी घेऊन खुर्चीवर बसली होती. एरवी ती फोटो काढू देत नसे. "रहने दो, बुढ्ढी का क्या फोटू" म्हणून तोंड फिरवायची. त्या दिवशी मात्र नातीला जवळ घेऊन बसली आणि भाच्याने मोबाईलवर चार-पाच फोटो काढले. पावसाळ्यात अम्मीचा इंतकाल झाला. तिचे शेवटचे फोटो म्हणजे तेवढेच.

पुढे आपाने त्यातला एक फोटो मोठा करून मागितला. उघडून बघतो तर अम्मीचा चेहरा हिरवट, ओढणी हिरवट, हातसुद्धा हिरवट. भाच्याने लगेच एका ॲपमध्ये टाकून फिल्टर लावलं. हिरवेपणा गेला, पण अम्मी गोरीपान झाली, सुरकुत्या गेल्या, गालावर गुलाबी झाक आली. आपाने फोन हातात घेतला, बघितला आणि परत दिला. "ये अम्मी नईं है," एवढंच म्हणाली.

मी काही फोटोग्राफर नाही. शाळेत विज्ञान शिकवते. पण आपाचं ते वाक्य डोक्यात बसलं आणि मी या रंगाच्या मागे लागले. जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण असे हिरवे, निळे, पिवळे फोटो प्रत्येक घरात असतात. हा दोष दुरुस्त करायचं जे साधन असतं त्याला व्हाईट बॅलन्स म्हणतात. स्नॅपसीड, लाइटरूम अशा ॲपमध्ये आणि बऱ्याच मोबाईलच्या गॅलरीतही ते असतं. अडचण अशी की ते वापरूनही पुष्कळदा फोटो सुधारत नाही, उलट बिघडतो. तसं का होतं ते समजलं की अर्धं काम झालं.

डोळा सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही

कोरा कागद उन्हात धरा, मग ट्यूबलाइटखाली धरा, मग मेणबत्तीजवळ धरा. तुम्हाला तो तिन्ही ठिकाणी पांढराच वाटेल. खरं तर मेणबत्तीजवळ त्याच्यावरून येणारा प्रकाश चांगलाच पिवळा-तांबूस असतो. पण आपला मेंदू प्रकाशाचा रंग वजा करतो आणि कागदाचा रंग तेवढा ठेवतो. कॅमेरा जे येईल ते मोजतो. त्यातला कोणता रंग प्रकाशाचा आणि कोणता वस्तूचा, हे त्याला अंदाजाने ठरवावं लागतं. तो अंदाज म्हणजेच व्हाईट बॅलन्स.

या गोष्टीकडे हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी लक्ष वेधलं होतं. अकराव्या शतकात लिहिलेल्या 'किताब अल-मनाझिर' या प्रकाशावरच्या ग्रंथात त्यांनी नोंदवलं आहे की उन्हातल्या हिरव्यागार झाडांजवळ पांढरी भिंत असेल किंवा पांढरे कपडे घातलेला माणूस असेल, तर झाडांचा हिरवा रंग त्यांच्यावर उतरतो. अम्मीच्या बाबतीत झाडाच्या जागी मंडपाचं कापड होतं, एवढाच फरक.

प्रकाशाचा रंग मोजण्यासाठी केल्विन हे माप वापरतात. एलईडी बल्बच्या खोक्यावर तुम्ही ते वाचलं असेल. पिवळसर 'वॉर्म व्हाईट' बल्बवर साधारण २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं असतं, पांढऱ्याशुभ्र 'कूल डेलाइट' बल्बवर ६५००. मेणबत्ती सुमारे १९०० केल्विनची, भर दुपारचं ऊन साधारण ५५०० चं. सावलीत उभं राहिलं तर सूर्य थेट दिसत नाही, निळ्या आभाळाचाच उजेड मिळतो, म्हणून तिथे आकडा ७००० च्या वर जातो. आकडा लहान तेवढा प्रकाश पिवळा, मोठा तेवढा निळा.

दोन पट्ट्या, दोन कामं

व्हाईट बॅलन्स उघडलं की दोन पट्ट्या दिसतात. एक टेम्परेचर. ती निळ्या आणि पिवळ्याच्या मध्ये सरकते. दुसरी टिंट. ती हिरव्या आणि किरमिजी, म्हणजे गुलाबी-जांभळ्याच्या मध्ये सरकते. फोटो पिवळा असेल तर पहिली पट्टी निळ्याकडे न्यायची. फोटो हिरवा असेल तर दुसरी पट्टी किरमिजीकडे न्यायची.

इथे बहुतेक लोक एकच चूक करतात. ट्यूबलाइटखालचा फोटो बरा दिसत नाही म्हणून टेम्परेचर इकडून तिकडे ओढत बसतात. चेहरा कधी पिवळा होतो, कधी निळा, पण आजारी दिसायचा काही थांबत नाही. कारण तो दोष मुळात हिरव्याचा असतो. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची वाफ असते आणि पाऱ्याच्या प्रकाशात ५४६ नॅनोमीटरची ठसठशीत हिरवी रेषा असते. डोळ्याला ती जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. तिथे टेम्परेचर सोडून टिंटला हात घालावा लागतो.

आणखी एक गोंधळ. लाइटरूममध्ये कॅमेऱ्याची रॉ फाईल उघडली की टेम्परेचर केल्विनमध्ये दिसतं. तुम्ही आकडा ३००० वर आणला तर फोटो निळा होतो. आत्ताच तर वाचलं की ३००० म्हणजे पिवळा! यात उलटसुलट काही नाही. त्या आकड्याने तुम्ही ॲपला सांगता, "फोटो काढला तेव्हा प्रकाश ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळा होता." ते ऐकून ॲप पिवळेपणा काढायला निळा घालतं. साध्या जेपेग फोटोवर केल्विनऐवजी उणे १०० ते अधिक १०० असे आकडे येतात. तिथे सरळ नजरेने ठरवायचं.

नेहमी येणाऱ्या सहा अडचणी

१. ऑटो दाबलं आणि फोटो आणखी बिघडला. ऑटो बटणाचा एक जुना, साधा ठोकताळा असा की फोटोतल्या सगळ्या रंगांची सरासरी काढली तर ती करडी यायला हवी. चौकात उभ्या असलेल्या लोकांचा फोटो असेल तर हे चालून जातं. पण दुल्हन लाल जोड्यात असेल आणि फोटोभर तो लाल रंगच असेल, तर ऑटोला वाटतं प्रकाशच लाल होता. ते लाल कमी करतं आणि दुल्हनच्या चेहऱ्यातलं रक्त उतरतं. हिरव्या पडद्यासमोर काढलेल्या फोटोत चेहरे गुलाबी होतात ते याच कारणाने. आता ॲप चेहरे वगैरे ओळखून जरा हुशारीने काम करतात, तरी चूक होतेच. उपाय: एकाच रंगाने भरलेल्या फोटोवर ऑटोचा भरवसा धरू नका.

२. ड्रॉपरने पांढऱ्यावर टिचकी मारली, तरी रंग चुकला. ड्रॉपर म्हणजे थेंब टाकायच्या नळीचं चिन्ह. ते फोटोतल्या एखाद्या जागी ठेवलं की ॲप त्या जागेला बेरंगी मानतं आणि बाकी सगळं त्यावरून ठरवतं. सगळ्यात खात्रीचा उपाय हाच, पण जागा नीट निवडायला हवी. एक तर कपड्याचा जो भाग उन्हात चमकून पूर्ण पांढरा फटक पडला आहे तिथे टिचकी मारू नका. तिथे कॅमेऱ्याची मोजायची ताकद संपलेली असते, रंगाची माहितीच उरलेली नसते. दुसरं म्हणजे नीळ. आपल्याकडे पांढरा कुर्ता, टोपी, ओढणी निळीच्या पाण्यातून काढतात. शिवाय धुण्याच्या पावडरीत चकाकी आणणारी रसायनं असतात, ती उन्हात निळसर उजळतात. असा 'पांढरा' निवडला की ॲप त्यातला निळा काढायला सगळा फोटो पिवळा करतं. म्हणून पांढऱ्यापेक्षा करडं बरं. सिमेंटचा ओटा, डांबरी रस्ता, करड्या रंगाचं बटण यातलं जे चेहऱ्याच्याच उजेडात असेल ते निवडा. दोन-तीन ठिकाणी टिचकी मारून बघा.

३. एक गाल निळा, एक गाल पिवळा. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला पिवळा बल्ब. दोन प्रकाश आहेत, पट्टी एक आहे. एक बाजू सुधारली की दुसरी बिघडणारच. इथे फोटोच्या ठराविक भागापुरताच बदल करावा लागतो. स्नॅपसीडमध्ये बदल केल्यावर 'व्ह्यू एडिट्स'मध्ये जाऊन तो बदल बोटाने हव्या तेवढ्याच जागी रंगवता येतो. लाइटरूममध्ये हे काम मास्किंगने होतं. आणि फोटो अजून काढायचा असेल तर सरळ बल्ब बंद करा. खिडकीचा उजेड पुरतो.

४. पट्टी टोकापर्यंत नेली, तरी चेहरा जिवंत दिसत नाही. दाट हिरवं किंवा निळं कापड गाळणीसारखं काम करतं. हिरव्या कापडातून लाल प्रकाश जवळजवळ येतच नाही. जो लाल कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही तो पट्टी ओढून कुठून येणार? आणि जेपेग फोटोत प्रत्येक मूळ रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. थोडाच लाल असेल तर तो चार-सहा पायऱ्यांत गोळा झालेला असतो. त्याला ताणलं की चेहऱ्यावर डाग आणि खर दिसते. रॉ फाईल १२ बिटची असेल तर ४०९६ पायऱ्या असतात, म्हणून ती जास्त ताण सोसते. तेवढंही जमत नसेल तर फोटो काळा-पांढरा करा. त्यात कमीपणा काही नाही. चुकीच्या रंगापेक्षा बिनरंगाचा चेहरा माणसाच्या जास्त जवळचा असतो.

५. माझ्या फोनवर छान, छापल्यावर भलताच. रात्री फोनमध्ये डोळ्यांना आराम देणारा पिवळा पडदा आपोआप चालू होतो. तो चालू ठेवून रंग दुरुस्त केला की तुम्ही पडद्याचा पिवळेपणा फोटोतून काढता आणि फोटो निळा होऊन बसतो. आधी ती सोय बंद करा. खोलीतल्या उजेडानुसार पडद्याचा रंग बदलणारी सोय असेल तर तीही बंद करा. काम दिवसा करा. दहा मिनिटं झाली की डोळे फोटोवरून काढून बाहेर बघा, कारण चुकीच्या रंगालाही डोळा सरावतो. मोठा फोटो छापण्याआधी त्याच दुकानातून लहान प्रत काढून बघा.

६. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो सुधारतच नाही. तिथून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. रंगाची बारीक माहिती त्यात गाळली जाते. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाईल मागा, आणि ती फोटो म्हणून नव्हे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

जिथे हात लावू नये

मगरिबच्या थोडं आधी औरंगाबादला बीबी का मकबऱ्याचा फोटो काढला आणि ऑटो दाबलं, तर घुमटावरची सोनेरी झाक जाते आणि संगमरवर भर दुपारचा दिसू लागतो. तिथे पिवळा रंग हा दोष नव्हता, ती वेळच तशी होती. घरात दिव्याच्या उजेडात काढलेल्या फोटोलाही थोडी पिवळी झाक राहू द्यावी. आपल्या आठवणीत ती खोली तशीच असते.

रंग बरोबर करणं आणि गोरं करणं

भाच्याच्या हातून नेमकी इथेच गडबड झाली होती, आणि हे नीट सांगायला हवं.

व्हाईट बॅलन्समधला 'व्हाईट' हा कपड्याचा, कागदाचा, भिंतीचा पांढरा. माणसाचा नाही. कोणत्याही वर्णाचा माणूस साध्या उजेडात घ्या. त्याच्या त्वचेत लाल सगळ्यात जास्त, हिरवा त्याहून कमी आणि निळा सगळ्यात कमी असतो. गोऱ्याच्या, गव्हाळाच्या, काळ्याच्या त्वचेत मोठा फरक उजळपणाचा असतो, रंगाच्या जातीचा फारसा नाही. म्हणून रंग सुधारायला चेहरा उजळ करायची गरजच नसते. फिल्टर ते करतं, कारण ते बनवणाऱ्यांनी 'सुंदर' म्हणजे 'उजळ' असं धरलेलं असतं.

हे दुखणं आजचं नाही. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या दुकानांना एका गोऱ्या बाईचं छायाचित्र असलेलं कार्ड पाठवायची. तिच्या चेहऱ्याचा रंग बरोबर छापला गेला की यंत्र बरोबर, असं समजलं जायचं. त्या कार्डांना 'शर्ली कार्ड' हे नाव पडलं. सावळ्या आणि काळ्या माणसांचे फोटो वर्षानुवर्षं अंधारे, मातकट का आले याचं एक कारण त्यात आहे. कॅनडातल्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये यावर सविस्तर लिहिलं. वेगवेगळ्या वर्णाच्या चेहऱ्यांची कार्डं यायला १९९० चं दशक उजाडलं. आणि २०२१ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल फोनमध्ये सगळ्या वर्णांचे चेहरे खरे दिसावेत म्हणून 'रियल टोन' नावाची वेगळी व्यवस्था आणली. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जी चूक मान्य करावी लागली, ती आपण घरी बसून एका बोटाने परत करतो. माझ्या वर्गातल्या मुलीसुद्धा ओळखपत्राचा फोटो बघून म्हणतात, "मॅडम, थोडा गोरा करा ना." मी त्यांना सांगते, ओळखपत्रावर तुझी ओळख पाहिजे, दुसऱ्या कुणाची नको.

अम्मीचा फोटो

भाच्याकडून मूळ फाईल घेतली. ड्रॉपर आधी ओढणीच्या उजळ काठावर ठेवला. काहीच फरक पडला नाही, कारण तो काठ उन्हाने पांढरा फटक झाला होता. मग हनुवटीजवळच्या घडीत ठेवला. चेहऱ्यावर जो उजेड होता तोच त्या घडीत होता. हिरवा रंग एकदम उतरला. पण आता सगळा फोटो किंचित पिवळा वाटू लागला. तेव्हा आठवलं, अम्मी पांढऱ्या कपड्यांना नीळ घातल्याशिवाय राहत नसे! टेम्परेचर जरासं निळ्याकडे परत नेलं.

तरी उजवा गाल गुलाबी झाला होता. त्या बाजूने मंडपात ऊन येत होतं, म्हणजे तिथे हिरवा मुळात पडलाच नव्हता आणि मी मात्र तिथूनही तो वजा केला होता. मग बदल फक्त कापडाच्या छायेतल्या भागावर ठेवला, उन्हातल्या गालावरून बोटाने पुसून काढला. शेवटी रंगाची तीव्रता थोडी कमी केली. त्वचा गुळगुळीत करायच्या बटणाला हात लावला नाही. अर्धा तास लागला. हनुवटीखाली थोडी हिरवी छटा अजून आहे, ती निघत नाही.

पुढच्या वेळी एवढं करा

घरात लग्न, अकीका, ईद काहीही असो, त्या जागेचा पहिला फोटो काढताना कुणाच्या तरी हातात करडं कार्ड द्या. ते विकत मिळतं. ते नसेल तर कोरा कागद चालेल. चेहऱ्याजवळ, चेहऱ्याच्याच उजेडात धरा. नंतर त्या एका फोटोवर ड्रॉपरने रंग ठरवायचा आणि त्याच जागी काढलेल्या बाकीच्या फोटोंना तोच बदल लावायचा. आमच्या शाळेच्या व्हरांड्याची भिंत हिरवी आहे, म्हणून मुलांचे फोटो काढताना मी असंच करते. चाळीस मुलांसाठी एकच फोटो दुरुस्त करावा लागतो. मंडपवाल्याला सांगता येत असेल तर वरचं कापड पांढरं घ्या. नाहीतर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दोन मिनिटं मंडपाबाहेर, भिंतीच्या सावलीत बसवून त्यांचा एक फोटो काढून घ्या. सावलीचा निळेपणा सहज निघतो, कापडाचा हिरवा निघत नाही.

फोटो छापून आणला आणि आपाला दिला. तिने चष्मा लावला, उजेडाकडे धरून बघितला. गहू रंग, सुरकुत्या, डाव्या भुवईवरचा तीळ, सगळं जागच्या जागी. "हां, ये है अम्मी," म्हणाली, आणि पदराने काच पुसून भिंतीवर खिळा कुठे ठोकायचा ते बघू लागली.